माणकचंदांच्या छातीतलं पाणी

१

अमळनेरात माणकचंद शेठ सकाळी मेले आणि गावाला दुपारच्या जेवणाआधी खुनी पाहिजे होता. तो मिळाला. म्हणजे ती मिळाली. शेठची विधवा सून, चंद्रकांता.

साल चौऱ्याण्णव, महिना डिसेंबर. सुरतेच्या प्लेगचा धसका अजून गेला नव्हता. त्या हिवाळ्यात खानदेशात उंदीर हा शब्द मोठ्याने उच्चारायची सोय राहिली नव्हती. उंदीर म्हटलं की बाजार बंद, मालगाड्या बंद, सोयरिकी बंद. त्यामुळे नगरपालिका, व्यापारी मंडळ आणि पेपरवाले यांनी एकदिलाने ठरवून टाकलं होतं की आपल्याकडे उंदीर नाहीतच. या तिघांचं एकमत झालेली गावातली ही पहिलीच गोष्ट.

शेठ साठीचे, धडधाकट. रोज पहाटे पायी देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, जाणारे. त्यांना ताप भरला. सर्दी नाही, खोकला नाही, पण कंबर आणि मांड्या अशा दुखायच्या की कूस बदलता येईना. घरचे डॉक्टर सुकदेव बोरसे आले. बोरसेंना एकच विद्या येत होती, ती म्हणजे सलाईन. ताप आला सलाईन, जुलाब झाले सलाईन, परीक्षेत नापास झालेल्या पोराला गळल्यासारखं वाटलं तरी सलाईन. त्यात बोरसेंचाच दोष होता असंही नाही. बाटली उलटी टांगल्याशिवाय इथल्या माणसाला आपण आजारी आहोत हे पटत नाही, आणि भेटायला येणाऱ्यांनाही ती टांगलेली दिसली नाही तर फेरी फुकट गेल्यासारखं वाटतं.

पहिली बाटली गेली. शेठना दम लागला. बोरसेंनी दुसरी लावली. दम वाढला तशी तिसरी लावली. सकाळी शेठच्या तोंडातून गुलाबी फेस आला आणि माणूस संपला.

फेस बघून बोरसेंची पाचावर धारण बसली. आपल्या हातून काय झालं हे त्यांना कळलं नव्हतं, पण काहीतरी झालं असावं एवढं कळलं होतं. असा माणूस फार घातक. त्यांनी फौजदार अभिमन साळुंखे यांना बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "विषासारखं दिसतंय बरं का, साहेब."

पोस्टमार्टेममध्ये दोन्ही फुप्फुसं पाण्याने गच्च भरलेली निघाली. घराची झडती झाली. चंद्रकांताच्या कपाटात, साड्यांच्या मागे, उंदीर मारायच्या काळ्या पुडीचं अर्धं वापरलेलं पाकीट सापडलं. ज्या घरात मुंगीलासुद्धा फुंकर घालून बाजूला करतात, त्या घरात.

शेजाऱ्यांना अर्थातच सगळं आधीपासून माहीत होतं. पोरीला धुळ्याला जाऊन बी.एड. करायचं होतं, सासरा नाही म्हणत होता, दोघांचे आवाज भिंतीपलीकडे ऐकू यायचे. फेस आहे, पुडी आहे, भांडण आहे. साळुंखेंनी तिला जीपमध्ये बसवलं तेव्हा गल्ली अशी भरली होती जशी शेठच्या अंत्ययात्रेलाही भरली नाही.

२

डॉक्टर कौतिक भामरे यांना धुळ्यात कोणी चांगलं म्हणत नसे आणि त्यांची त्याला हरकत नसे. पेशंटला ते मूर्ख म्हणायचे, पेशंटच्या नातेवाइकांना महामूर्ख, आणि बाकीच्या डॉक्टरांसाठी त्यांच्याकडे जे शब्द होते ते छापता येत नाहीत. तरी लोक त्यांच्याकडे जायचे, कारण त्यांचे पेशंट बरेचदा जगायचे.

चंद्रकांताचे वडील कांतिलाल यांचं धुळ्यात कापडाचं दुकान होतं. ते भामरेंसमोर बसून उपरण्याच्या टोकाला गाठी मारत होते.

"डॉक्टरसाहेब, माझ्या पोरीनं हे केलेलं नाही."

"प्रत्येक बाप तेच म्हणतो. शेठना ताप किती दिवस होता?"

"चार-पाच दिवस असेल. का?"

"आणि दम?"

"तो शेवटच्या दिवशी."

भामरे खुर्चीत पुढे सरकले. "विष खाल्लं तर माणूस त्या रात्री ओकतो. चार दिवस कंबर धरून झोपत नाही. हे त्या फौजदाराला कोणी सांगितलं नाही?"

"तुम्ही सांगा ना."

"मी सांगितलं तर तो विचारेल, मग मेले कशाने? आणि ते मला माहीत नाही." भामरेंनी टेबलावरचा स्टेथोस्कोप उचलून पिशवीत कोंबला. "चला. तुमच्या व्याह्यांच्या घरी आधी."

माणकचंदांच्या घरी दुखवट्याची माणसं बसली होती. शेठचे धाकटे भाऊ प्रकाशचंद दारातच भेटले. हे गावच्या पांजरपोळीचे, म्हणजे मुक्या जनावरांच्या आश्रमाचे, अध्यक्ष. प्लेगच्या वेळी, गावात उंदीर नाहीत असं ठरायच्या आधी, नगरपालिकेने उंदीर मारायची मोहीम काढली, तेव्हा यांनी पेपरात पत्रक दिलं होतं की उंदीर हाही जीव आहे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चेहऱ्यावर कायम कोणावर तरी उपकार केल्याचा भाव.

"आता काय तपासायचं राहिलं, डॉक्टर? घराण्याची अब्रू तर गेलीच."

"अब्रू मी तपासत नाही. शेठजवळ शेवटपर्यंत कोण होतं?"

शेठच्या पत्नी सज्जनबाई होत्या. पांढऱ्या साडीत कोपऱ्यात बसलेल्या. त्यांनी पदर सावरला.

"मीच होते. सगळं मीच केलं. सुनेला तर मी खोलीत येऊ दिलं नाही."

"तुम्हाला ताप-बीप?"

"मला काय होतंय?"

"घरात आणखी कोणाला?"

"कोणालाच नाही."

"शेठच्या खोलीत वास कसला येत होता? तोंडाला, ओकारीला?"

"उदबत्तीचा. दुसरा कसला येणार?" सज्जनबाईंना प्रश्नाचाच राग आला. "आमच्याकडे कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नाही. मागच्या आळीत कोणी लसणाची फोडणी दिली तर माझं डोकं उठतं. यांना तर जेवण जात नसे. असल्या घरात वास कसला विचारता?"

भामरेंनी पिशवी उचलली आणि ते निघाले. ते शिवी न देता निघाले की समोरच्याने घाबरावं, हे धुळ्यात लहान पोरांनाही माहीत होतं. अमळनेरला अजून कळायचं होतं.

३

"दहा मिनिटं," फौजदार साळुंखे म्हणाले. "तुम्ही मोठे डॉक्टर म्हणून. बाकी केस पक्की आहे."

"पाकीट अर्धं होतं ना? उरलेलं अर्धं कुठे गेलं?"

"शेठच्या पोटात. आणखी कुठे?"

"एवढी काळी पूड शेठनी कशातून खाल्ली? मुगाच्या पाण्यातून? आणि त्यांना दिसली नाही?"

साळुंखेंनी चहा मागवला. उत्तर नसलं की ते चहा मागवायचे.

चंद्रकांता कोठडीत भिंतीला टेकून बसली होती. तिशीच्या आतली. रडून संपलेली, पण जीभ शाबूत.

"तुम्ही मला वेडी ठरवायला आलात का? वकील म्हणे वेडी ठरवलं तर सुटेन."

"वकील गाढव आहे. मला सांग, गेल्या महिन्याभरात शेठनी असं काय केलं जे एरवी करत नव्हते?"

तिने विचार केला. "वखार झाडली."

"कुठली वखार?"

"तेलाची गिरणी चालू होती तेव्हाची. सरकीच्या पोत्यांची. कितीतरी वर्षं कुलूप होतं. महाराजसाहेब, आमचे मुनी, पायी विहार करत गावात येणार होते, त्यांचं प्रवचन तिथे ठेवायचं ठरलं. सासरे म्हणाले, ही सेवा मजुराकडून करून घ्यायची नाही, आपल्या हाताने करायची. मीही होते. तेवढंच घराबाहेर पडायला मिळालं." ती किंचित हसली. "वर्षभरात देरासर सोडून मी बघितलेली ती एकच जागा."

"पाणी मारून झाडलंत?"

"पाणी कसं मारणार? पाण्यात जीव असतात, जमिनीवरचे बारीक जीवही मरतात. आमच्याकडे मऊ सुताची पुंजणी असते, तिने हळूहळू, कोरडंच. सासरे म्हणायचे, जीव बाजूला झाला पाहिजे, मेला नाही पाहिजे. दिवसभर धूळ खाल्ली. उंदरांच्या लेंड्यांचा तर थर होता."

"अजून कोण होतं?"

"भिकन. हमाल. त्याने पोती हलवली. काकाजी, प्रकाशचंदजी, किल्ली देऊन गेले, ते दारातच थांबले, आत आले नाहीत. सासूबाईंना धुळीचा त्रास, त्या आल्याच नाहीत." तिने कंबरेला हात लावला. "माफ करा, मला नीट बसता येत नाही. कालपासून कंबर मोडून आलीय. इथली फरशी थंड आहे ना."

भामरेंनी गजांतून हात घातला आणि तिचं मनगट धरलं. फरशी थंड असेल. मनगट तव्यासारखं तापलं होतं.

४

"हिला आत्ताच्या आत्ता धुळ्याला हलवा," भामरे म्हणाले.

"आरोपीला जिल्ह्याबाहेर? कोर्टाची परवानगी लागते, डॉक्टर. उद्या बघू. आणि ताप तर मलाही येतो."

"तुम्हाला आला तर गावाचा फायदा होईल. हिला आला तर तुमच्या कोठडीत मरेल. सरकारी डॉक्टरला बोलवा, आणि एक गोष्ट ऐका. सलाईन लावू देऊ नका. कोणालाही."

साळुंखेंनी मान हलवली. अशी मान हलवणारी माणसं आपल्याकडे सगळ्या कचेऱ्यांत बसलेली असतात. त्यांनी ऐकलेलं नसतं.

कांतिलालना परवानगीसाठी वकिलाकडे पिटाळून भामरे वखारीकडे गेले. कुलूप होतं, पण मागचा पत्रा उचकटलेला होता. तोंडाला ओला रुमाल बांधून ते आत वाकले. पुढची जागा लख्ख झाडलेली. मागे, पोत्यांच्या थप्पीआड, झाडू पोचला नव्हता तिथे, सुकून चपटे झालेले उंदीर पडले होते. शेजारी कणकेच्या गोळ्या. काळ्या पडलेल्या, अर्धवट कुरतडलेल्या. भामरेंनी एक गोळी चिमट्याने उचलून डबीत ठेवली आणि तिथून निघाले.

गिरणीमागच्या वस्तीत हमाल भिकनचं घर विचारलं. दारात त्याची बायको वच्छलाबाई बसली होती. कपाळ मोकळं.

"कोन तुम्ही? पोलीस शेतस का?"

"नही अक्का, डाक्टर शे."

"डाक्टर?" ती त्यांच्याकडे बघत राहिली. "तो मरी गया, आते डाक्टर उना."

भामरे उंबऱ्यावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पेशंटच्या घरी कोणाला मूर्ख म्हटलं नाही. "काय व्हयनं व्हतं त्याले?"

"ताप. कंबर बठ्ठी धरी लेयेल व्हती. मंग दम लागना. बोरसे डाक्टरकडे लई गवूत. त्यानी बाटली लायी, मंग आखो एक लायी. तोंडमाईन फेस उना नि गया."

"कवय?"

"शेठना आगोदर. शेठ मरनात तवय मी घरमा बसेल व्हतू. बठ्ठा गाव तिकडे पयना. आम्हना घर कोनी उनं नही."

"शेठना घर जेवे का तो?"

वच्छलाबाई हसली, ते हसू बघण्यासारखं नव्हतं. "शेठना घर? वट्टाखाल बशीन चहा पिये, तो बी येगळा कपमा. भाकर घरनी ली जाये."

म्हणजे एकाच आठवड्यात, एकाच गावात, दोन माणसं एकसारखी मेली. एकाच डॉक्टरच्या हाताखाली. एकाच्या तोंडचा फेस खून ठरला, आणि दुसऱ्याच्या तोंडचा फेस बोरसेंच्या सर्टिफिकेटावर न्युमोनिया म्हणून जाळला गेला. कारण हमालाला विष कोण घालणार? एवढा वेळ कोणाला आहे?

सकाळी परवानगी घेऊन भामरे कोठडीवर पोचले तेव्हा चंद्रकांता खाटेवर होती, ओठ निळे पडत चाललेले, आणि शेजारी डॉक्टर बोरसे उभे होते. बाटली टांगलेली होती. ती दुसरी होती.

५

भामरेंनी नळी चिमटीत धरून बंद केली आणि सुई काढली.

"अहो, ती कोसळतेय," बोरसे म्हणाले. "हिनेही विष घेतलंय. पश्चात्तापाने. बीपी लागत नाहीये."

"तुम्ही बाहेर जा, बोरसे."

"ही माझी पेशंट आहे."

"तुमचे दोन पेशंट याच आठवड्यात बुडून मेले. कोरड्या गादीवर. तिसरा मी तुम्हाला देणार नाही."

ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन होता, ही त्या दिवसाची एकच चांगली बातमी. हवालदाराने चंद्रकांताचा हात बेडीने खाटेला अडकवला होता. भामरे म्हणाले, "ते काढा, मला नाडी सापडत नाही." हवालदार म्हणाला, साहेबांचा हुकूम आहे. भामरे म्हणाले, "ठीक आहे. ही मेली की तुम्ही खाटेला अटक करा." त्याने बेडी काढली.

धुळ्यात एका ट्रस्टच्या इस्पितळात व्हेंटिलेटर होता. फीत कापून झाल्यापासून तो प्लॅस्टिकच्या खोळीत उभा होता. दाखवायला होता, वापरायला नव्हता. भामरेंनी खोळ काढली तेव्हा ट्रस्टींपैकी कोणीतरी विचारलं की ही आरोपी आहे ना. त्याला काय उत्तर मिळालं ते इथे लिहीत नाही.

एक्स-रे आला. दोन्ही फुप्फुसं पांढरीफटक, मधलं हृदय मात्र नेहमीच्या आकाराचं. रक्तातल्या प्लेटलेट घटलेल्या, आणि रक्त घट्ट झालेलं.

"सर, प्रेशर पडतंय," तरुण डॉक्टर म्हणाला. "फ्लुइड देऊ या ना."

"अजिबात नाही. ऐक. हिच्या रक्तवाहिन्या चाळणीसारख्या झाल्यात. रक्तातलं पाणी फुप्फुसात झिरपतंय, म्हणून मागे उरलेलं रक्त घट्ट दिसतंय. वरून पाणी ओतलंस तर तेही तिथेच जाईल. प्रेशरसाठी औषध दे, थेंबाथेंबाने. ऑक्सिजन दे, श्वास मशीनला घेऊ दे. बाकी हात मागे ठेव. प्लेगचंही औषध चालू ठेव, आपण शहाणे असलो तरी चुकू शकतो."

"सर, हे आहे काय?"

"गेल्या वर्षी अमेरिकेत धट्टीकट्टी माणसं अशीच मेली. ताप, कंबरदुखी, मग एका दिवसात छातीत पाणी. उंदरांच्या मुतालेंड्यांची सुकलेली धूळ श्वासातून गेली की होतं. हंता नावाच्या विषाणूंचं कुळ आहे. धूळ आत गेल्यावर दोन-तीन आठवडे काहीच होत नाही, म्हणून कोणाला आठवतही नाही."

"पण ते आपल्याकडे नाही, सर. पुस्तकात तसं दिलंय."

"आपल्याकडे शोधलं कोणी? मी पुण्याला रक्त पाठवतोय. ते कळवतील की याची तपासणी आमच्याकडे होत नाही. मग पुस्तकात पुन्हा लिहितील, आपल्याकडे नाही."

त्यावर औषध नाही, हेही त्यांनी सांगितलं. शरीराला स्वतःच सावरायला वेळ मिळवून द्यायचा, एवढंच डॉक्टरच्या हातात. सिस्टर बेबाबाई नळीतला फेस ओढून काढत होत्या, गुलाबी, पुन्हा पुन्हा. बाहेर कांतिलाल बाकावर बसून उपरण्याच्या गाठी सोडत होते आणि पुन्हा मारत होते.

दुसऱ्या दिवशी फेस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी तिची लघवी वाढली, फेस आटला, आणि एक्स-रेमध्ये पांढऱ्याच्या मधून काळी रेघ दिसली. भामरेंनी तो उजेडासमोर धरला आणि बराच वेळ कोणाला शिवी दिली नाही.

पण ती जगली तरी फासावर जायची होती. इस्पितळाच्या दारात हवालदार बसलाच होता.

६

भामरेंनी सगळ्यांना इस्पितळाच्या व्हरांड्यात बोलावलं. फौजदार साळुंखे आले, केस पक्की करायला. डॉक्टर बोरसे आले, कारण न येणं वाईट दिसलं असतं. प्रकाशचंद आणि सज्जनबाई आले, कारण समाजात सांगायला पाहिजे की आम्ही भेटायला गेलो होतो.

"साळुंखे, तुमची काळी पुडी मी हुंगली," भामरे म्हणाले. "पोटात गेली की तिचा वायू होतो. माणसाच्या श्वासाला, ओकारीला लसणाचा वास सुटतो. सडक्या लसणाचा. तुमच्या-माझ्या घरात तो कोणाच्या लक्षात आला नसता, आपण रोजच खातो. पण या बाईंना मागच्या आळीतली फोडणी कळते. त्या नवऱ्याच्या उशाशी बसून होत्या. सज्जनबाई, आला होता लसणाचा वास?"

"नाही," सज्जनबाई म्हणाल्या. मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं. सुनेला वाचवायचा त्यांचा अजिबात विचार नव्हता.

"मग पोटात विष नव्हतं. राहिला फेस. तो हमाल भिकनच्याही तोंडाला आला होता. त्याने या घरचा घास कधी खाल्ला नाही, तो देण्याची पद्धत नाही. तो, शेठ आणि सून, तिघांनी एकत्र एकच गोष्ट केली, ती म्हणजे वखारीतली धूळ खाल्ली. शेठच्या उशाशी बसणाऱ्यांना काही झालं नाही, म्हणून हा प्लेगही नाही. बोरसेंना हे दोन मृत्यू शेजारी ठेवता आले असते. ते एकटेच होते ज्यांनी दोन्ही बघितले. पण एकाचं सर्टिफिकेट त्यांनी न विचारता दिलं होतं, आणि दुसऱ्याच्या वेळी त्यांना आपल्या तीन बाटल्या आठवल्या."

"मी उपचार केले," बोरसे म्हणाले. "लोक मागतात म्हणून लावतो. न लावलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जातात."

"जाऊ द्यायचं. जगले असते."

"आणि पाकीट?" साळुंखेंनी विचारलं. त्यांच्या आवाजातली पक्की केस जरा हलली होती.

भामरेंनी डबी उघडून समोर धरली. काळी कणकेची गोळी. "उरलेलं अर्धं पाकीट इथे आहे. वखारीत, मेलेल्या उंदरांशेजारी. प्रवचन चालू असताना महाराजांसमोरून उंदीर पळाला तर कसं दिसेल, याची कोणालातरी काळजी होती. शेठनी तर मुंगी मरेल म्हणून पाणी मारलं नाही, ते हे करणार नाहीत. ही पोरगी वर्षभर देरासरापलीकडे गेली नाही, तिला हे पाकीट कुठल्या दुकानातून मिळालं? वखारीला कुलूप होतं. किल्ली कोणाकडे असते?"

सगळ्यांनी प्रकाशचंदांच्या कमरेकडे बघितलं. त्यांचा हात आधीच तिथे गेला होता.

"मी?" प्रकाशचंद म्हणाले. "उंदीर? मी पांजरपोळीचा अध्यक्ष आहे."

"म्हणूनच. भाऊ मेला, पोलीस घरात शिरले, आणि उरलेलं पाकीट अजून तुमच्याजवळच. गावासमोर उंदीर मारणारा ठरायचं, की सून खुनी ठरायची. तुम्ही जवळचं कपाट उघडलं."

"भिकनने टाकलं असेल," प्रकाशचंद म्हणाले. "तो होता वखारीत. त्या लोकांना काय, कशाचंच पाप नाही."

भिकनला जाळून पंधरवडा झाला होता. त्याच्यावर एवढं ओझं पोतं वाहतानाही कोणी टाकलं नव्हतं.

"भिकन मेला शेठच्या आधी," भामरे म्हणाले. "मेल्यावर येऊन त्याने कपाटात पाकीट ठेवलं का?"

साळुंखेंनी चहा मागवला नाही. पण त्यांनी कोणाला पकडलंही नाही. "डॉक्टर, तुमचं सगळं बरोबर असेल," ते म्हणाले. "पण प्रकाशचंदजी स्वतः बोलल्याशिवाय मी काय लिहू? व्हिसेऱ्याचा, म्हणजे पोटातल्या विषाच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला सहा महिने. तोवर बाई आरोपीच."

७

नळी काढल्यावर चंद्रकांताचा आवाज घोगरा झाला होता. ती उशीला टेकून बसली होती आणि बेबाबाई तिला चमच्याने पाणी देत होत्या, मोजकं. दारात हवालदाराच्या शेजारी आज साळुंखे स्वतः उभे होते.

कांतिलाल हळूच म्हणाले, "बेटा, प्रकाशचंदजी भेटायला आलेत. एकटेच आलेत. म्हणतात, घरचं घरात मिटवू. ते वकील देतील, सहा महिन्यांनी सुटशीलच. तोवर गावात बोभाटा नको. आपल्यालाही याच समाजात राहायचंय."

तिने बापाकडे बघितलं. त्याने नजर चुकवली. मुलीसाठी तो भामरेंच्या पाया पडला असता, पण समाजापुढे उभं राहायचं म्हटलं की तो आधी हात जोडायचा.

प्रकाशचंद आत आले. या भेटीसाठी ते आंघोळ करून, पांढरे कपडे घालून आले होते. खाटेच्या पायथ्याशी उभे राहून त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, मान झुकवली.

"मिच्छामि दुक्कडम्," ते म्हणाले.

संवत्सरीला, पर्युषण पर्वाच्या शेवटच्या दिवशी, जैनांच्या घराघरांत हे म्हणतात. माझ्याकडून काही दुखावलं गेलं असेल तर ते व्यर्थ जावो. समोरच्यानेही हात जोडून तेच म्हणायचं, की झालं, खातं कोरं. तिच्या लहानपणापासून तिने ते शेकडो वेळा म्हटलं असेल. कांतिलालांचे हात आपोआप वर आले.

चंद्रकांताचे हात चादरीवरच होते.

"काकाजी, हे नकळत झालेल्यासाठी म्हणतात," ती म्हणाली. एकेका शब्दानंतर तिला थांबावं लागत होतं. "पायाखाली मुंगी आली, तिच्यासाठी. तुम्ही कपाट उघडलंत तेव्हा तुम्हाला दिसत होतं कोणाच्या साड्या आहेत."

"बेटा, घराण्याचं नाव..."

"सासरे असते तर त्यांनी तुम्हाला उंदरांसाठी माफ केलं असतं. त्यांनी माफ केलं असतं हो. तेवढं तुम्हाला कळलं नाही."

प्रकाशचंदांचे जोडलेले हात तसेच राहिले. ते खाली कसे घ्यायचे हे त्यांना सुचेना. बेबाबाईंनी चमचा वाटीत ठेवला. भामरे खिडकीपाशी तिचा एक्स-रे बघत असल्यासारखे उभे होते.

"मला क्षमा करता येईल का, ते नंतर बघू," चंद्रकांता म्हणाली. "आधी ते दारात उभे आहेत ना, फौजदारसाहेब, त्यांना सांगा. पाकीट कोणी आणलं, कोणी ठेवलं. नाही सांगितलंत तर मी सहा महिने बसेन, त्याची मला भीती नाही राहिली. पण पर्युषणात तुम्ही देरासरात माईक धरून जीवदयेवर बोलायला उभे राहाल, तेव्हा मीही तिथे येऊन बसेन. पुढच्या रांगेत. दर वर्षी."



प्रकाशचंद वळले. साळुंखेंनी टोपी डोक्यावर नीट केली आणि दोन पावलं आत आले. प्रकाशचंदांनी तोंड उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. आणि अगदी हलक्या आवाजात, देणगीदाराच्या कानात कुजबुजावं तसं, त्यांनी सुरुवात केली.

"मोठ्याने, काकाजी," चंद्रकांता म्हणाली. "व्हरांड्यात माणसं बसलीत."